शेवटचं दीड पान

आमच्या सानगडीत कोणी वारलं की तिरडी बांधायच्या आधी हटवार सरांची वाट पाहतात. डॉक्टर 'संपलं' म्हणून सांगून गेलेला असला तरी. सर येतात, चपला बाहेर काढतात, खिशातून दाढीचा छोटा गोल आरसा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात आणि मेलेल्या माणसाच्या नाकाखाली धरतात. मनातल्या मनात साठ आकडे मोजतात. मग मनगटावर दोन बोटं ठेवून आणखी साठ. तेवढा वेळ घरातली मंडळी रडणं आवरून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलेली असतात. शेवटी सर आरसा उजेडात नेऊन निरखतात, मान खाली घालतात आणि म्हणतात, "हाव. आता रडा."

सरांचा वैद्यकीशी काही संबंध नाही. ते आमच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीला इंग्रजी शिकवतात. मी तिथेच मराठी शिकवते आणि त्यांच्या घरासमोर भाड्याने राहते. माझं माहेर भंडाऱ्याजवळच्या शहापूरचं, महामार्गावरचं. आमच्याकडे सगळं धाडधाड होतं. सानगडीला आल्यावर पहिल्याच महिन्यात हा आरशाचा कार्यक्रम पाहिला आणि मी घाबरून काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारलं, की सर असं का करतात. काकू तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाटकापायी."

ते नाटक बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे. अख्खं नाही, फक्त शेवटचा प्रवेश. कोणत्या तरी परदेशी गावातली दोन घराणी, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, एका घरचा मुलगा आणि दुसऱ्या घरची मुलगी. मुलगी झोपेचं औषध घेऊन तळघरात निपचित पडलेली असते. तसा निरोप मुलाकडे पाठवलेला असतो, पण निरोप्या वाटेत अडकतो. मुलगा येतो, तिला मेलेली समजतो, विष घेतो. ती जागी होते, त्याला पाहते आणि तीही जाते. पहिले चार अंक पुस्तकात नाहीत, त्यामुळे आमच्या मुलांची त्या दोघांशी ओळख होते तीच थेट मरायच्या वेळेला.

एवढ्या प्रवेशाला सर तीन आठवडे घेतात.

सरांचं म्हणणं असं की ही शोकांतिका नाहीच, हा निष्काळजीपणा आहे. "पोट्टा आला," ते फळ्यावर खडू आपटत सांगतात, "तिच्या गालाकडे पाह्यलं. स्वतःच म्हणते, अजून लाली आहे म्हणून. मेलेल्या माणसाच्या गालावर लाली राहते का? नाडी पाह्यली त्यानं? आरसा धरला? नाई. कविता म्हटली अन् बाटली तोंडाले लावली. पाच मिनिटं थांबला असता तं ती उठून बसली असती. घाई कायले?"

'घाई कायले' हे सरांचं जीवनसूत्र. बस सुटत असली तरी सर पळत नाहीत. कुकरची शिट्टी झाली की काकूंना सांगतात, घाई कायले, आणखी एक होऊ दे. एकदा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मीटरमधून धूर निघाला. आम्ही सगळे बाहेर पळालो. सर आत उभे राहून धुराचा रंग पाहत होते. मेन स्विच अखेर त्यांनीच बंद केला, हेही सांगायला हवं.

आरशाचा एकदा मात्र उपयोग झाला. भागीरथाबाई म्हणून एक म्हातारी सकाळी उठलीच नाही. गोंदियाच्या लेकीला फोन गेला, गोवऱ्यांची जुळवाजुळव सुरू झाली. सर आले, आरसा धरला आणि चाळीसपर्यंत मोजून म्हणाले, "थांबा जी. ढग दिसून राहिला." आरशावर खरंच धुकं धरलं होतं. म्हातारीला साकोलीच्या दवाखान्यात नेलं, साखर कमी झाली होती. ती पुढे चार वर्षं जगली. चारही वर्षं सर रस्त्यात दिसले की कुरकुरायची, "इतकी चांगली झोप लागली होती, या मास्तरनं आरसा घातला." पण तेव्हापासून गावात सरांना नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

वर्गात तर कहरच. सर फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर तळघराचा नकाशा काढत. दार कुठे, मुलगी कुठे, पायऱ्या किती. हा नकाशा तीन आठवडे कोणी पुसायचा नाही. मी माझा तास उरलेल्या अर्ध्या फळ्यावर घ्यायची. माझ्या मुलांनी समास शिकले ते तळघराच्या शेजारी बसून. एका वहीत मला 'बहुव्रीही' या शब्दाखाली बाण काढून 'येथे मुलगी झोपलेली आहे' असं लिहिलेलं सापडलं होतं.

निरोप्याला उशीर का झाला, याचाही सरांनी अभ्यास करवून घेतला. एका सकाळी सगळ्या वर्गाला घेऊन कॉलेजपासून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चालत निघाले. हातात एक बंद पाकीट. वाटेत कोणी थांबवलं तर थांबायचं आणि वेळ लिहायचा, असा नियम. पहिल्याच वळणावर कापगतेंच्या घरी चहा झाला. पुढे कोणाचं तरी नवं मळणीयंत्र पाहायला बोलावणं आलं. पाळीवर भाताच्या रोवणीला निघालेल्या बायांनी मुलांना विचारलं, कोणाच्या पोट्ट्याचं जमलं का, पत्रिका वाटून राहिले का. पाकीट पाळीवर पोचलं तेव्हा तास संपून दोन तास झाले होते. सरांनी निष्कर्ष सांगितला: "त्या निरोप्याले नाव ठेवू नका. तो सानगडीचा असता तं दुसऱ्या दिवशी पोचला असता."

मुलं हसायची, पण तो प्रवेश त्यांना तोंडपाठ असे. पालकांची तक्रार नव्हती. प्राचार्यांची होती, पण त्यांना इंग्रजीची थोडी भीती वाटायची, म्हणून ते सरांना फारसं बोलत नसत.

मग यंदाची पूर्वपरीक्षा आली. पेपर तालुक्यातल्या दुसऱ्या कॉलेजातून काढून आला होता. त्यात त्याच प्रवेशावर प्रश्न होता: शेवटी दोन्ही वडील काय करतात? मुलांना तर हा प्रवेश कोळून पाजलेला. तरी सगळा वर्ग आपटला. कोणी निरोप्याला किती उशीर झाला ते लिहिलं, कोणी तळघराच्या पायऱ्या लिहिल्या. एकीने लिहिलं, 'दोन्ही वडिलांनी नाडी पाहिली नाही.'

प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मी तिथे हजेरीपट द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"हटवार सर, तीन आठवडे शिकवता. मग हे शेवटचं दीड पान शिकवलं नाही का?"

"ते पोट्टे वाचतात आपले घरी," सर म्हणाले.

"कोणीच वाचलेलं नाही."

सर टोपी घालून बाहेर पडले. मला आश्चर्य वाटलं, कारण एका आरशावर तासभर बोलणारा हा माणूस. मी स्टाफरूममध्ये येऊन त्यांचं पुस्तक उघडलं. प्रत्येक ओळीखाली पेन्सिल, समासात बारीक अक्षरात टिपा, पानांच्या कडा काळ्या पडलेल्या. आणि मुलगी मरते त्या ओळीनंतरचं दीड पान कोरं करकरीत. पुस्तक दुकानातून आलं तेव्हा होतं तसं.

तेव्हा माझ्या डोक्यात माधुरी आली.

माधुरी ही सरांची एकुलती एक लेक. मी सानगडीला यायच्या आधीची गोष्ट, काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेली. ती तुमसरला मामाकडे राहून डी.एड. करत होती. तिथे जवळच्या चिखला गावच्या एका मुलाशी जमलं. मुलगा मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करणारा, त्याचा बापही तिथूनच निवृत्त झालेला. जात वेगळी. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं. सात वर्षं झाली. सरांनी तिचं नाव घेतलं नाही आणि तिच्या घराची पायरी चढली नाही.

काकूंचं मात्र सगळं सुरू होतं. रोज साडेचारला फोन घेऊन त्या मागच्या वाडीत जायच्या आणि वांग्याच्या झाडांशी तासभर बोलायच्या. वर्षातून तीनदा 'भावाकडे तुमसरला' जायच्या आणि पिशवीत चिखल्याचा वास घेऊन यायच्या, असं त्या स्वतःच मला सांगत. "सरायले काई माहीत नाई," त्या हळूच म्हणायच्या. मलाही ते खरं वाटायचं. पण एकदा मोबाईलच्या दुकानात माझ्यापुढे सर उभे होते. काकूंचा नंबर सांगून म्हणाले, "या फोनचं रिचार्ज उद्या संपून राहिलं. आजच मारून ठेवा. मधात बंद नाई पडला पाह्यजे." दुकानदार हसून म्हणाला, "सर, सात वर्षांत एक दिवस चुकले नाई तुम्ही." सरांनी मागे वळून मला पाहिलं आणि छत्री विसरून निघून गेले.

प्राचार्यांनी त्या दीड पानाचा तास लावला आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसायला आले. सोबतीला मला घेतलं.

सर उभे राहून वाचायला लागले. दोन म्हातारे तळघरात येतात. दोघांची मुलं समोर पडलेली. सगळं कसं घडलं ते त्यांना कळतं. मग एक हात पुढे करतो आणि दुसरा तो धरतो. सरांनी एक-एक वाक्य वाचलं, अर्थ सांगितला, पुढे गेले. आरसा नाही, नकाशा नाही, 'घाई कायले' नाही. गाडी रिकामी धावावी तसा तास चालला होता.

मधल्या रांगेतली आचल कापगते उठली. ही मुलगी गणितात हुशार आणि प्रश्न विचारण्यात निर्दय.

"सर, यायले हे पहिले नाई सुचलं का जी?"

"कायचं?"

"हात मिळवायचं. पोट्टे जिवंत होते तवा. एकाच गावात तं राहत होते दोघंबी."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते पुस्तकाकडे पाहत राहिले, मग खुर्चीवर बसले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हटवार सरांना वर्गात बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"जवळ राहत होते म्हणूनच," ते म्हणाले. "जवळ असलं की वाटते, जाऊ कवाबी. अन् मंग जाणं लाजेचं होऊन बसते."

"लाज कोणाची जी?"

"स्वतःची, बेटा. लिहून घ्या. चार मार्काले आहे."

मुलांनी लिहून घेतलं. घंटा झाली. बाहेर आल्यावर प्राचार्य मला म्हणाले, "पहिल्यांदा वेळेत संपवलं बघा."

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सर माझ्या दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"मॅडम, रविवारी मोकळ्या आहा का?"

"आहे की. काय काम?"

"चिखल्याले जाऊन राहिलो." त्यांनी एवढं म्हणून रस्त्याकडे पाहिलं. "तुमच्या काकूबी आहेत. पण तिले तिकडचा रस्ता माहीत नाई. अन् मले बोलणं नाई जमलं तं कोणीतरी बोलणारं पाह्यजे सोबत."

मी बरं म्हटलं. रस्ता माहीत नसलेल्या काकूंनी रविवारी पहाटेच उठून अनारसे, चिवडा आणि एक छोटा फ्रॉक अशी पिशवी भरून ठेवली होती. साकोलीहून एक बस, भंडाऱ्याहून दुसरी, तुमसरहून तिसरी. सर खिडकीशी बसून होते. दोन गावं गेली की एकदा टोपी काढायचे, परत घालायचे.

तिसऱ्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते तेव्हा काकूंनी मला राहिलेला तुकडा सांगितला. लग्नानंतर महिन्याभराने मुलाचे वडील, सुखरामजी, एकटेच सानगडीला आले होते. नारळ आणि लुगडं घेऊन. सरांनी त्यांना अंगणातच उभं ठेवलं आणि इंग्रजीत एक वाक्य बोलून आत निघून गेले. सुखरामजींना इंग्रजी येत नाही. त्यांनी काकूंना विचारलं, साहेब काय म्हणाले. काकूंनाही येत नव्हतं. जाता जाता त्यांनी कानाला लागले तसे शब्द म्हणून दाखवत चौकात दोघाचौघांना विचारलं. ज्यांना कळलं असेल त्यांनीही सांगितलं नाही. नारळ त्यांनी देवळात ठेवला आणि परत गेले.

चिखल्याला उतरलो. लाल-काळी माती, एकासारखी एक घरं, खाणीची पाळी सुटल्यामुळे रस्त्यावर बरीच माणसं. सर एका पानठेल्यावर घर विचारायला गेले. तेवढ्यात काकू सरळ चालू लागल्या, दुसऱ्या रांगेला डावीकडे वळल्या आणि कडुनिंबाखालच्या घरापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही पोचेपर्यंत आतून चारेक वर्षांची एक पोर धावत आली आणि "आजी आली, आजी आली" करत काकूंच्या कमरेला बिलगली. सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पोरीयले सगळ्याच म्हाताऱ्या आजी वाटतात."

माधुरी दारात आली. तिने आईला पाहिलं, मला पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या सरांना पाहिलं. पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला आणि आत गेली. तिचा नवरा ड्युटीवर होता. कोणी काही सांगेना म्हणून मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती पाटावर बसून कणीक मळत होती. कणीक मळून झालेली होती, तरी मळत होती. सरांचं कपाळ आणि सरांचीच हनुवटी.

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची. त्यातून बाहेरचं दिसत होतं. सुखरामजी बाजेवर बसले होते. उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी सरकून सरांना जागा दिली. सर बाजेच्या अगदी टोकाशी बसले.

"इवाईजी," सर खालच्या आवाजात म्हणाले. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. सात वर्षांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला असणार. "माहं चुकलं."

"काय म्हणता जी?" सुखरामजींनी कानाला हात लावला. "जोरानं बोला. खाणीत ड्रिल मारू मारू कान गेले माहे."

माधुरीचे हात थांबले.

"माहं चुकलं म्हटलं," सर जरा मोठ्याने म्हणाले.

"चहा? हाव, बनवून राहिली सून."

"चहा नाई जी. चुकलं."

समोरच्या घराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. सुखरामजी सरांच्या जवळ सरकले. "हे पाहा इवाईजी, एक गोष्ट इचारायची राह्यली. तुम्ही त्या दिवशी अंगणात इंग्रजीतून काय म्हणाले होते? मी लय जणायले इचारलं. कोणी सांगतलंच नाई. सात वर्षं डोक्यात घुमून राहिलं."

सर टोपी हातात घेऊन बसले. मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. 'बरे आहात ना' असं म्हणालो होतो म्हणाले असते तरी त्या माणसाला पटलं असतं. माझं बोलायचं काम आलं असं समजून मी उठायला लागले. माधुरीने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"म्हटलं होतं," सर म्हणाले, "की माही लेक माह्यासाठी मेली."

"काय म्हणता?"

"लेक मेली म्हटलं होतं."

"आयकू नाई आलं जी."

सर उभे राहिले. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची पंचवीस वर्षांची सवय, ती सगळी त्यांनी लावली. "मेली म्हटलं होतं मी. माही लेक मेली म्हटलं होतं. चुकलं माहं."

"कोण मेली?" सुखरामजी घाबरून उभे राहिले.

एवढं मात्र अख्ख्या रांगेला ऐकू गेलं. समोरची बाई धावत आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. एकीच्या हातात झारा तसाच होता. कोण मेली, केव्हा मेली, काल तर सगळ्या बऱ्या होत्या, असा एकच गोंधळ झाला. काकू सगळ्यांना हाताने बसा-बसा करत होत्या, नात रडायला लागली होती, आणि सर मध्ये उभे राहून काही तरी समजावत होते ते कोणाला ऐकू जात नव्हतं.

माधुरीने पहिल्याच वेळी ऐकलं होतं. सर खालच्या आवाजात चुकलं म्हणाले तेव्हाच. पण ती उठली ती आता. डोळे मनगटाने पुसले, त्यामुळे गालाला कणीक लागली. तशीच ती दारात गेली.

"कोणी नाई मेलं जी," ती शेजारणींना म्हणाली. "माहे बाबा आले."

बाया जायच्या तर गेल्या नाहीत, तिथेच बसल्या. वर्गात कोणी मोठं माणूस आलं की मुलं उभी राहतात तसे सर लेकीसमोर टोपी हातात धरून उभे होते. पुढे काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सुखरामजींना अजून काही कळलं नव्हतं, पण त्यांनी सरांचा हात धरून ठेवला होता.

"बसा ना, बाबा," माधुरी म्हणाली.